निनावी बटणं

"बटण. बटण. बटण. बटण."

ताईंच्या लॅपटॉपमधून हे ऐकू आलं तेव्हा मला वाटलं, यंत्र अडकलं. जुन्या तबकडीवर सुई अडकायची ना, तसं. पण अडकलं काहीच नव्हतं. मी बनवलेल्या पानावर खरोखरच ओळीनं चार बटणं होती. जतन करा, छापा, सगळं पुसा, पुढे जा. चारींवर मी हौसेनं निवडलेली चित्रं होती: फ्लॉपी, प्रिंटर, कचऱ्याची टोपली आणि बाण. शब्द एकावरही नव्हता. पडद्यावर नव्हता आणि आत कोडमध्येही नव्हता. स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, जेवढं कळलं तेवढं त्यानं इमानेइतबारे सांगितलं, की इथे बटण आहे.

"यातलं पुढे जायचं कुठलं आणि सगळं पुसायचं कुठलं?" ताईंनी विचारलं. "सांगतोस, का एकेक दाबून बघू?"

फॉर्म सतरा रकान्यांचा. पंधरा भरून झाले होते. मी घाईघाईनं म्हणालो, "नको नको, थांबा. चौथं."

"बरं. आणि एकटीनं बसून भरणारीनं कुणाला विचारायचं?"

ताई आमच्याकडे वेबसाइट तपासायला येतात. हा त्यांचा व्यवसाय आहे. रीतसर बिल लावतात आणि अहवालात एक ओळ गोड लिहीत नाहीत. त्यांना जन्मापासून दिसत नाही. त्या दिवशी मी 'काही लागलं तर' म्हणून शेजारी बसलो होतो. तोवर दहाएक वर्षं मी वेबसाइट बनवत होतो आणि त्यातलं एकही पान मी कधी कानांनी ऐकलं नव्हतं. त्यांचा स्क्रीन रीडर इतका भरभर बोलतो की सुरुवातीला ती मराठी आहे हेच मला उमगेना. पत्र्यावर वाळू ओतावी तसा आवाज. त्या मात्र त्यातूनही टायपिंगच्या चुका पकडत होत्या. "तुझ्यासाठी हळू करते हं," म्हणत त्यांनी वेग निम्म्यावर आणला, तेव्हा कुठे मला माझाच मजकूर ओळखू आला.

पान ऐकायला लागलं की पहिल्यांदा कळतं ते हे, की त्याला रुंदी नसते. डावं-उजवं नसतं. एकामागून एक शब्द येत राहतात, बस. आपण पान उघडतो तेव्हा वरची पट्टी, जाहिरात, कुकीची सूचना हे सगळं क्षणात बाजूला सारून नजर थेट मधल्या मजकुरावर टेकवतो. आपण असं काही करतो हेही आपल्या गावी नसतं. ऐकणाऱ्याच्या पदरात मात्र सगळं ओळीनं पडतं. माझ्या साइटच्या मेनूत एकेचाळीस दुवे होते. पान बदललं की पुन्हा एकेचाळीस. 'थेट मजकुराकडे जा' असा एक दुवा अगदी सुरुवातीला ठेवला की हा फेरा चुकतो. हे मला पुस्तकी पातळीवर ठाऊक होतं, आणि तो मी ठेवला नव्हता. कारण तो दिसला की डिझाइन बिघडतं, असं कुणीतरी म्हणालं होतं. (तो लपवून ठेवता येतो आणि की-बोर्डवरून त्याच्यापाशी पोचल्यावरच दाखवता येतो. म्हणजे सबबही खरी नव्हती.)

"मग तुम्ही दर वेळी सगळं ऐकत बसता?" मी विचारलं.

"वेडा आहेस का? मीही चाळतेच की." आणि त्यांनी एचची कळ दाबली.

स्क्रीन रीडर जॉज असो नाहीतर एनव्हीडीए, एच दाबलं की तो पुढच्या मथळ्यावर उडी मारतो. १ ते ६ आकडे दाबले तर त्या त्या पातळीच्या मथळ्यावर. टी म्हणजे तक्ता, बी म्हणजे बटण, जी म्हणजे चित्र. मोठ्या पानावर काही शोधायचं झालं तर स्क्रीन रीडर वापरणारे ७० टक्क्यांच्या आसपास लोक आधी मथळे धुंडाळतात, असं वेबएम या संस्थेच्या पाहण्यांत वारंवार आढळलं आहे. पुस्तक हातात आल्यावर आपण अनुक्रमणिका उघडतो, त्यातलाच प्रकार.

ताईंनी एच दाबलं. यंत्र म्हणालं, पुढे मथळा नाही. पुन्हा दाबलं. नाही.

पडद्यावर मला सहा मथळे लख्ख दिसत होते. ठळक, निळे, मोठ्या टायपातले. पण ते मी साध्या डिव्हला, म्हणजे कोडमधल्या बिनओळखीच्या डब्याला, रंग आणि आकार देऊन सजवलेले होते. वेबची पानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये मथळ्यासाठी वेगळी खूण असते, एच-वन ते एच-सिक्स. ती मी वापरली नव्हती, कारण तिचा आपसूक येणारा आकार मला नको होता. राजाचा पोशाख घातलेली सहा सोंगं उभी होती आणि राजा एकही नव्हता.

ही गोष्ट मला जास्त लागली, कारण वेब मुळात असं नव्हतंच. त्याचा इतिहास मी नंतर वाचत गेलो. विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या काळात पडद्यावर फक्त अक्षरं असत, तीही ठरावीक ओळी आणि रकान्यांत. संगणकाच्या स्मृतीतून ती उचलून वाचून दाखवणं तुलनेनं सोपं होतं. टेड हेन्टर हा मोटारसायकलच्या शर्यती खेळणारा माणूस. १९७८ साली अपघातात त्याची दृष्टी गेली, पुढे तो प्रोग्रॅमिंगकडे वळला, आणि १९८९ मध्ये त्याच्या कंपनीनं डॉससाठी जॉज बाजारात आणलं. मग खिडक्या आणि माउस आले. पडद्यावरचं अक्षर अक्षर राहिलं नाही, ठिपक्यांचं चित्र झालं. विंडोज पडद्यावर काय काढतंय याकडे पाळत ठेवून त्यातून मजकूर पुन्हा जुळवायचा, अशी द्राविडी प्राणायामाची वेळ स्क्रीन रीडर लिहिणाऱ्यांवर आली.

अशा वेळी वेब आलं, आणि ते पुन्हा अक्षरांचं होतं. शिवाय प्रत्येक अक्षर कोण आहे हेही ते सांगत होतं: हा मथळा, हा परिच्छेद, हा दुवा, ही यादी. चित्राला पर्यायी मजकूर द्यायची सोय, ज्याला आम्ही ऑल्ट टेक्स्ट म्हणतो, १९९५ च्या एचटीएमएल २ मध्येच होती. चिएको असाकावा या जपानी संशोधिकेची दृष्टी चौदाव्या वर्षी गेली. त्यांनी आयबीएममध्ये बनवलेला होम पेज रीडर १९९७ मध्ये आला आणि वेबची पानं बोलायला लागली. अंध माणसाला वर्तमानपत्र स्वतःच्या स्वतः, स्वतःला हव्या त्या वेळी वाचता येणं ही केवढी गोष्ट होती, हे ज्यानं दुसऱ्याच्या सवडीनं वाचून घेतलंय त्यालाच कळेल. ताई म्हणाल्या, "माझ्या लहानपणी कुणी वाचून दाखवायचं तर आधी त्याचा मूड बघावा लागायचा."

म्हणजे साधं, नुसत्या एचटीएमएलचं पान बव्हंशी ऐकता येतं. ते ऐकता येणार नाही असं करायला मेहनत घ्यावी लागते, आणि ती मेहनत माझ्यासारख्यांनी घेतली. एचटीएमएलचं खरंखुरं बटण स्वतःची ओळख सांगतं, टॅबनं गाठता येतं, एंटरनं दाबलं जातं. त्याला फक्त नाव द्यायचं असतं. ते टाकून आम्ही डिव्हला बटणासारखं रंगवतो आणि मग त्याला एकेक गुण वरून चिकटवत बसतो. निम्मे विसरतो.

चित्रांचं प्रकरण मात्र इतकं सरळ नाही, आणि खरं सांगायचं तर तेच मला सगळ्यात आवडतं.

माझ्या त्या साइटवर एका कार्यक्रमाची छायाचित्रं होती. ऑल्ट टेक्स्ट दिलाच नव्हता आणि प्रत्येक चित्र म्हणजे एकेक दुवा होता, त्यामुळे यंत्र फाइलचं नाव वाचायला लागलं. आयएमजी अंडरस्कोर ४८३७. आयएमजी अंडरस्कोर ४८३८. ताईंनी हात वर केला, पुरे. मी त्याच संध्याकाळी सगळ्या चित्रांना 'छायाचित्र' असं लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "चित्र आहे हे यंत्र सांगतंच रे. आता मला 'चित्र, छायाचित्र' असं ऐकू येतंय." मग मी चिडून साठ-साठ शब्द लिहिले. आकाश, ढग, मागची झाडं, पहिल्या रांगेतल्या बाईंच्या साडीचा काठ. ताईंनी एक पूर्ण ऐकलं.

"ढगांचं मी काय करू?"

"तुम्हीच म्हणालात ना, वर्णन हवं."

"हे चित्र तू इथे का टाकलंस?"

मला उत्तर देता येईना. खरं उत्तर होतं, जागा रिकामी दिसत होती म्हणून.

तेव्हापासून मी ऑल्ट टेक्स्ट लिहिताना फोनवर पान वाचून दाखवतोय असं समजतो. समोरच्याला मजकूर वाचून दाखवत असताना मध्येच चित्र आलं तर मी काय म्हणेन? कधी एक ओळ म्हणेन. आलेख असेल तर आकडे सांगेन, कारण 'चढता आलेख' एवढ्यानं कुणाचं काम होत नाही. साइटच्या बोधचिन्हावर दाबल्यावर पहिलं पान उघडत असेल तर बोधचिन्हात कमळ आहे की चक्र हे सांगणार नाही, 'मुखपृष्ठ' म्हणेन. आणि नुसती नक्षी असेल तर काहीच न बोलता पुढे जाईन. त्या न बोलण्याचीही कोडमध्ये सोय आहे: ऑल्ट लिहायचा आणि त्यापुढच्या अवतरणचिन्हांत काहीच लिहायचं नाही. मग स्क्रीन रीडर ते चित्र मुकाट ओलांडतो. ऑल्ट रिकामा असणं आणि ऑल्ट नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात मी विचार करून गप्प बसलोय. दुसऱ्यात मी विचारच केलेला नाही, आणि यंत्र बिचारं फाइलच्या नावात अर्थ शोधतंय.

एकच छायाचित्र बातमीत असलं तर वेगळा ऑल्ट लागतो, छायाचित्रणाच्या लेखात वेगळा. दुसऱ्या ठिकाणी कदाचित ढगच महत्त्वाचे असतील. त्यामुळे आता यंत्र आपोआप वर्णन लिहून देतं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्याचा उपयोग होतोच, पण 'चित्र इथे का टाकलंस' हा प्रश्न त्याला विचारून चालत नाही. टाकलेलं मी असतं.

मराठी पानांची आणखी एक वेगळीच तऱ्हा. पान कोणत्या भाषेत आहे हे कोडच्या सुरुवातीलाच लिहायचं असतं. आपण साचा आयता उचलतो, त्यात इंग्रजी लिहिलेलं असतं, ते तसंच राहतं. मजकूर शुद्ध मराठी आणि कपाळावर पाटी इंग्रजीची. पाटी वाचून स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो, आणि तो आवाज देवनागरीपुढे आला की काही वेळा परिच्छेदच्या परिच्छेद गिळून टाकतो. डोळ्यांना पान उत्तम दिसत असतं, म्हणून तक्रार आली तरी बनवणाऱ्याला ती खोटी वाटते. दुरुस्ती दोन अक्षरांची आहे, 'ईएन' काढून 'एमआर' लिहिणं. युनिकोड ही सगळ्या लिप्यांची सामाईक संकेतपद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर तर याहून वाईट. पडद्यावर 'नमस्कार' दिसतं, पण फाइलमध्ये असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, ज्यांना त्या फॉन्टानं देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. कानाला ऐकू येते नुसती खडखड. आणि स्कॅन करून चढवलेल्या पीडीएफमध्ये तर तेवढंही नाही. तो मजकुराचा फोटो असतो, त्यात अक्षर एकही नसतं.

अंध म्हटलं की आपल्या मनात ठार अंधार येतो. ज्यांना थोडं दिसतं, धूसर दिसतं, फक्त मधलं किंवा फक्त कडेचं दिसतं, ते दोन्हीकडून सुटतात. याची मला पहिली जाणीव स्वतःला चाळिशी लागली तेव्हा झाली, हे कबूल करायला हरकत नाही. मीच कधीकाळी मोठ्या कौतुकानं मंजूर केलेली फिकट राखाडी अक्षरं मला संध्याकाळनंतर वाचता येईनात. वेबच्या सुगम्यतेचे जे जागतिक निकष आहेत, डब्ल्यूसीएजी नावाचे, त्यांची पहिली आवृत्ती १९९९ ची, दुसरी २००८ ची आणि तिच्यात भर घालणारी २.२ ही २०२३ ची. त्यांत नेहमीच्या आकाराचं अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावं असं आहे. पांढऱ्यावर आमचा लाडका राखाडी, ज्याचा रंगक्रमांक सहा वेळा सात असा लिहितात, मोजला तर ४.४८ भरतो. दोन शतांशांनी नापास. डिझायनर मित्र म्हणाला, एवढ्यानं काय होतं? मी त्याला माझा चष्मा काढून दाखवला.

पडदा चौपट मोठा करून वाचणाऱ्या एका गृहस्थांशेजारीही मी एकदा बसलो. त्यांच्या दृष्टीनं पान म्हणजे एक छोटी खिडकी, तीही पानावर सरकवत न्यायची. माझ्या फॉर्ममध्ये रकान्याचं नाव डाव्या टोकाला होतं आणि रकाना उजवीकडे, मध्ये ऐसपैस मोकळी जागा. नाव दिसलं की रकाना खिडकीबाहेर, रकाना दिसला की नाव बाहेर. ते बोटानं पडद्यावर ओळ धरून सरकत होते, आणि सरकता सरकता एक ओळ खाली घसरले. जन्मतारखेच्या जागी पत्ता गेला. फॉर्म सादर केल्यावर चूक सांगणारा संदेश वरच्या उजव्या कोपऱ्यात आला, पाच सेकंद थांबला आणि विरून गेला. त्यांना तो दिसलाच नाही. त्यांनी मला विचारलं, "झालं ना?"

कॅप्चाविषयी थोडक्यात. आपण माणूस आहोत हे चित्रातले सिग्नल ओळखून सिद्ध करायचं, आणि ते जमत नसेल तर खरखरीत दडवलेले शब्द ऐकून. ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही त्यांना दोन्ही दारं बंद. ताई म्हणतात, "मी यंत्र आहे हे मी केव्हाच मान्य करून टाकलंय, आता तरी आत सोडा."

हे सगळं दुरुस्त करायचं म्हटलं की 'खर्च' हा शब्द येतोच. सिडनी ऑलिंपिकची गोष्ट मी अशा बैठकांत सांगतो. ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनी १९९९ मध्ये तक्रार केली होती की, स्पर्धेच्या अधिकृत वेबसाइटवर चित्रांना पर्यायी मजकूर नाही, निकालांचे तक्ते वाचता येत नाहीत, वेळापत्रकावरून खेळांच्या यादीकडे जाता येत नाही. आयोजन समितीनं सांगितलं, हे करायला एका माणसाचे वर्षाहून जास्त दिवस आणि २२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर लागतील. तज्ज्ञ साक्षीदारांचा अंदाज याच्या कितीतरी खाली होता. ऑगस्ट २००० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगानं मॅग्वायर यांच्या बाजूनं निकाल दिला. समितीनं साइट पुरती सुधारली नाही, स्पर्धा आटोपल्या, आणि नंतर तिला २०,००० डॉलर भरपाई द्यावी लागली. मला यातला भरपाईचा आकडा महत्त्वाचा वाटत नाही. वाटतो तो सुरुवातीचा, बावीस लाखांचा. न करण्यासाठी काढलेला अंदाज कसा असतो, त्याचा तो नमुना आहे.

उलट बाजूचं उदाहरण एनव्हीडीएचं. मायकल करन आणि जेम्स टेह हे दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुण. स्क्रीन रीडर विकत घ्यायचा तर कित्येकदा संगणकाहून महाग पडत असे. करननं २००६ मध्ये स्वतःच लिहायला घेतला, टेह त्याला येऊन मिळाला, आणि तो त्यांनी फुकट वाटला. कोडसकट. आज माझ्या संगणकावरही तोच आहे.

वेबएम दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं यंत्राकरवी तपासतं. २०१९ मध्ये ९७.८ टक्के पानांत निकषांत न बसणाऱ्या चुका सापडल्या. २०२५ मध्ये ९४.८ टक्के. सहा वर्षांत तीन टक्क्यांची प्रगती. सापडणाऱ्या चुकांपैकी बहुतेक सगळ्या सहाच प्रकारांतल्या असतात: फिकट अक्षरं, ऑल्ट नसलेली चित्रं, नाव नसलेले रकाने, रिकामे दुवे, निनावी बटणं, न सांगितलेली भाषा. एकीतही बुद्धीचा कस लागत नाही. कदाचित म्हणूनच कुणी हात लावत नसेल. 'एक ओळ कोड टाका, साइट आपोआप सुगम्य होईल' असं सांगत विकल्या जाणाऱ्या जोडण्यांना म्हणूनच गिऱ्हाईक भरपूर. अशा दाव्यांबद्दल एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईनंतर २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरणं भाग पडलं. ताई तर अशी जोडणी दिसली की आधी ती बंद कशी करायची ते शोधतात.

माझा तो फॉर्म दुरुस्त व्हायला नऊ दिवस लागले. मथळे खरे झाले. चार बटणांना नावं मिळाली. रकान्याचं नाव रकान्याच्या डोक्यावर आलं. चूक झाली तर ती लाल रंगासोबत शब्दांतही सांगितली जाऊ लागली, त्या त्या रकान्यापाशीच. ताई पुन्हा आल्या, लॅपटॉप उघडला, वाळू ओतल्यासारखा आवाज सुरू झाला. वेग त्यांनी या वेळी कमी केला नाही. मी शेजारी बसलो होतो, पण मला काहीच कळत नव्हतं. मध्ये एकदा त्या हसल्या. कशाला ते विचारायचं मी टाळलं. चार-पाच मिनिटांत फॉर्म भरून गेला.

"हं," म्हणाल्या. "तारखेचं कॅलेंडर अजून वाईट आहे. पण हातानं टाइप करता येतंय, म्हणून सोडते."

सहा-सात महिन्यांनी त्यांचा फोन आला. साइटवर कुणीतरी नवी सूचना टाकली होती, पान उघडलं की समोर येणारी. ती बंद करायच्या फुलीला नाव नव्हतं, आणि तिच्यामागचं पान तिनं अडवून धरलं होतं. मी कामात होतो, म्हणालो, संध्याकाळी बघतो. त्यांनी काही न बोलता फोन लॅपटॉपच्या स्पीकरजवळ नेला.

"बटण," पलीकडून आवाज आला.

मी फाइल उघडली.